एकदाच विचारणारा

आंधळगावात टिकाराम वरणाची बादली घेऊन पंगतीत शिरला, की जाणती माणसे पत्रावळीवर आडवा धरलेला हात आपणहून मागे घेत. नवखा पाहुणा मात्र फसायचा.

त्याचा दोष नव्हता. रीतच अशी होती, की वाढणारा समोर आला म्हणजे जेवणाऱ्याने पत्रावळीवर हात धरायचा आणि "नाही, नाही, बस" म्हणायचे. हात आडवा, पण बोटे फाकलेली. वाढणाऱ्याने "घ्या जी, घ्या, खाल्लं कुठं तुमी" म्हणत त्या फटींमधून वरण सोडायचे. बोटे भाजली तरी चालत. पुन्हा नाही, पुन्हा घ्या. अशाने पोट भरायचे आणि आपण हावरे नाही हेही चारचौघांत सिद्ध व्हायचे. त्या मुलखात पंगतीला भुकेला माणूस कधी बसलाच नाही. बसले ते सगळे आग्रहाला बळी पडलेले.

टिकाराम बोटे बघत नसे. तो ऐकायचा. "वरन पायजे?" एवढेच विचारायचा, तेही एकदाच. समोरून नाही आले, की तो पुढच्या पत्रावळीवर.

कवडू नावाचा एक नामांकित खाणारा होता. भाताचा ढीग रचून, वरणासाठी मधोमध खळगा करून तो तयार बसला. टिकाराम आला. कवडूने सवयीने हात आडवा केला, "नाही गा, नाही" म्हणाला आणि लाजून डोळे मिटले. उघडले तेव्हा टिकाराम ओळीच्या टोकाला पोचला होता. कवडू कोरडा भात गिळून उठला. पुढे जिथे जाईल तिथे तो सांगायचा, की आंधळगाववाले पाहुण्याला घरी बोलावून उपाशी मारतात.

मग अशा माणसाला वाढायला बोलवत कशाला? कारण काम. टिकाराम उन्हाळ्यात राईस मिलवर धानाची पोती उचलायचा आणि पावसाळ्यात स्वतःच्या बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोपांचा रोवणा करायचा. दोन्ही कामे कमरेची. भरलेली बादली कोणीही उचलतो. ती धरून प्रत्येक पत्रावळीशी वाकणे आणि उठणे, हे खरे काम. बाकीचे वाढपी अर्ध्या ओळीनंतर उभ्यानेच वरण सोडत आणि पाहुण्यांची धोतरे पिवळी करत. टिकाराम शेवटच्या पत्रावळीलाही पहिलीइतकाच वाकायचा. बादली त्याने कधी जमिनीला टेकवली नाही. म्हणून बोलावणे यायचे, आणि बोलावणारा लगेच म्हणायचा, "पन टिकाराम, थोडा आग्रह करजो बाप्पा."

"तो म्या नाही करत," टिकाराम म्हणायचा.

हे त्याच्या डोक्यात त्याच्याच लग्नात शिरले. जेवताना सासरच्यांनी बुंदीचे लाडू आणले. तो खरोखर नको म्हणत होता. दोन्ही मुठी आवळून पत्रावळीवर ठेवल्या होत्या. एका मेव्हण्याने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि सासूने मोठ्या प्रेमाने लाडू तोंडात कोंबला. मग आणखी. वरात निघाली तेव्हा नवरदेव लोटा घेऊन नाल्याकाठी बसला होता. तिथे बसून त्याला जे सुचले ते त्याने जन्मभर धरून ठेवले : माणूस नाही म्हणाला, की तिथे थांबावे. पुढे याच विषयावर मोठमोठ्या लोकांची भाषणे त्याने ऐकली. त्यांच्यापैकी कोणी नाल्याकाठी बसून विचार केलेला दिसला नाही.

एक भाषण तर स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हाचे. सरपंच धनीरामने बाहेरून वक्ता आणला. लोक निघून जाऊ नयेत म्हणून शाळेचे फाटक लावून घेतले आणि फाटकाशी लाठीवाला उभा केला. वक्ता सांगत होता, की आज प्रत्येक माणूस आपल्या मर्जीचा मालक आहे. टिकाराम उठला.

"कुठं चालला बे?" लाठीवाला म्हणाला.

"घरी. मर्जी झाली."

"सभा खतम झाल्याशिवाय फाटक नाही खुलनार."

टिकारामने भिंतीवरून उडी मारली. तेव्हापासून गाव त्याला 'मर्जी' म्हणू लागले. मर्जी आला, मर्जी गेला. त्याच्या बैलांच्या तुतारीला खिळा नव्हता. तुतारी म्हणजे बैल टोचायची काठी, आणि बिनखिळ्याची तुतारी म्हणजे नुसते लाकूड. बैल थांबले की तोही थांबायचा आणि तंबाखू चोळायचा. सगळ्यांच्या बैलबंड्या मिलवर रित्या होऊन परत यायच्या, तेव्हा मर्जीची बंडी गावाबाहेर चिंचेखाली असायची.

"बैलं मालक हायेत का तू?" लोक विचारायचे.

"ते थकले. तुमी थकल्यावर तुमाले कोनी टोचलं त?"

लोक हसायचे. त्यांना रोजच कोणी ना कोणी टोचत होते, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

लक्षात आले ते आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी. नसबंदीचा कॅम्प लागला. वरून आकडा ठरून आला होता आणि माणसे कमी पडत होती. जीपमधून साहेब आले. धनीरामने टिकारामला बोलावले, कारण गडी तगडा, आणि त्याच्या मोहल्ल्यात लेकुरवाळी घरे बरीच.

"जा, समजावून घेऊन ये साऱ्याईले."

टिकाराम घरोघर गेला. पंगतीत विचारायचा तसेच विचारले. आणि परत येऊन उभा राहिला.

"काय म्हनतात?"

"नाही म्हनतात."

"अरे, नाही म्हनतात म्हनजे काय? पंगतीत बी सारे नाहीच म्हनतात. वाढा लागते!"

साहेब हसले. धनीरामही हसला. टिकाराम हसला नाही.

"पंगतीत वाढनारा मीच आहो. माया कानाले नाही आयकू आलं त नाही."

"आणि तुम्ही स्वतः?" साहेबांनी विचारले.

"मी बी नाही."

जीप मोहल्ल्यात गेली तोवर घरे रिकामी होती. टिकारामने विचारल्यामुळे सगळ्यांना आधीच कळले होते आणि गडी आंबागडकडच्या रानात पसार झाले होते. त्या उन्हाळ्यात सडकेच्या कामावर टिकारामला कोणी बोलावले नाही. रानातून परतलेले गडी मात्र कामावर होते. टिकाराम रस्त्याने गेला की तेच खोरे टेकवून ओरडायचे, "काय मर्जी, काम पायजे का?" आणि तो "पायजे" म्हणाला की पोट धरून हसायचे.

आता हे सगळे ऐकून टिकाराम थोर वाटेल. त्याच्या बायकोला विचारा. कौशल्याबाईने त्याच्या मर्जीवर संसार केला. पोरगी रुखमिणी शाळेच्या वयाची झाली तेव्हा टिकारामने तिला विचारले, "शाळेत जातं?" पोरगी म्हणाली, "नाही." झाले. वर्षभर ती बोडीच्या तळ्याकाठी चिखलाचे बैल करत बसली आणि बाप तिच्या निर्णयाचा मान राखत बसला. शेवटी कौशल्याबाईने पोरीचा हात धरला, फरफटत शाळेत नेली आणि येताना नवऱ्याला सांगितले, "अजी, विचारनं सोपं असते. आपल्याले मेहनत नाही पडत त्यात."

हे बोलणे टिकारामला लागले. आळशी तो नव्हता. त्याने उठून बैलांना पाणी दाखवले.

रुखमिणी मोठी झाली. चौऱ्याऐंशी सालच्या माघात लाखांदूरहून पाहुणे आले. धनीरामची बहीण तिकडे दिली होती, तिच्या ओळखीतले. केशवराव नावाचे धानवाले शेतकरी आणि त्यांचा मुलगा ताराचंद, जो ऑइल इंजिने दुरुस्त करायचा. सोबत मध्यस्थ म्हणून धनीराम. शेजारच्या बायाही भिंतीआडून होत्याच.

रुखमिणीने पाणी दिले. ताराचंदने पेला घेतला आणि हळूच विचारले, "मघा विहिरीवर गडगडी कुरकुरून राहिली होती, ते तुमचीच का?"

"हो."

"तेल नाही देत तिले?"

"तुमी आनलं का?"

भिंतीआड बांगड्या वाजल्या. पोरगी हसली, पोरगा हसला. रीतीप्रमाणे आता बापांनी बोलायचे होते. केशवराव घसा साफ करत होते. इतक्यात टिकाराम पोरीकडे वळला. त्याने बाराजणांत, सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले,

"रुखमा, पोरगा पायजे का?"

त्या घरात असा प्रश्न कोणी पोरीला कधी केला नव्हता. त्या घरात कशाला, त्या तालुक्यात. केशवरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. रुखमिणीचे तोंड कानापर्यंत लाल झाले. "नाही," ती म्हणाली आणि आत पळाली.

टिकारामने हात जोडले. "पोरगी नाही म्हनते जी. चहा घ्या."

"अहो, पोरी नाहीच म्हनत असतात!" केशवराव म्हणाले.

"मंग मी विचारलंच कायले?"

"तेच मी विचारतो, विचारलं कायले?" केशवराव उठले. "ठीक आहे. मंग आमचं बी नाही."

"तुमची मर्जी," टिकाराम म्हणाला आणि त्यांच्या वहाणा सरळ करून ठेवल्या.

केशवराव दारापर्यंत हळूहळू गेले. कोणी थांबवले नाही. चिंचेपाशी त्यांनी पंचा पडू दिला आणि उचलायला वेळ घेतला. मागून बोलवायला कोणी आले नव्हते. एसटीच्या थांब्यावर भंडाऱ्याची गाडी आली. गर्दी आहे म्हणून त्यांनी सोडून दिली. गाडी अर्धी रिकामी होती. दुसरी गाडी येईपर्यंत ते गावाच्या रस्त्याकडे तोंड करून बसले. मग मात्र बसले गाडीत, आणि खिडकीची काच अशी आपटली, की कंडक्टर बोलला. हे सगळे थांब्यापर्यंत सोबत गेलेल्या धनीरामने संध्याकाळी येऊन सांगितले. टिकारामला त्यातले काहीच कळले नाही.

"जायचं नव्हतं त गेले काहून?"

धनीरामने कपाळावर हात मारून घेतला. "मर्जी, तू मानूस आहे का वजनकाटा?"

आत कौशल्याबाई पोरीजवळ बसली होती. ती बाहेर आली. "तिले पोरगा पसंत होता. रडून राहिली."

"नाही म्हनली ते."

"नाही म्हनली म्हनजेच हो म्हनली!"

टिकाराम आत गेला. "रुखमा, तुले पायजे होता का?"

रुखमिणी काही बोलली नाही. हो असते तर त्याच्याजवळ नियम होता. नाही असते तरी होता. गप्प बसणाऱ्यासाठी त्याने आयुष्यात नियमच केला नव्हता. तो बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक बांदीत धानामागून येणारे लाखोळीचे पीक उपटत होते. लाखोळी उपटताना मान खाली असते, समोरच्याचे तोंड दिसत नाही. म्हणून असेल, रुखमिणी बोलली.

"बाबा, तुमी बैलाले टोचत नाही."

"नाही."

"पंगतीत कोनाले जबरदस्ती करत नाही."

"नाही."

"मंग मले साऱ्याईच्या समोर उभी करून कायले विचारलं? घरात विचारलं असतं त सांगतलं असतं. तिथं त माया तोंडून दुसरं निघतच नव्हतं. तुमच्या तुतारीले खिळा नाही म्हनता. काल मले लागला."

टिकारामची मूठ लाखोळीवर तशीच राहिली.   पुढची ओळ त्याने उपटली, पण मुळाशी धरून नाही. शेंडे तुटून हातात येत राहिले. असे काम त्याच्या हातून कधी झाले नव्हते.

पेंढ्या बांधून झाल्यावर तो म्हणाला, "मी जातो लाखांदूरले."

कौशल्याबाईने धोतर धुऊन दिले. "टोपी पायावर ठेवा. दोनदा नाही म्हनतीन, तिसऱ्यांदा हो म्हनतीन. घाबरू नोका."

आंधळगावहून भंडारा, भंडाऱ्याहून पवनी, पवनीहून लाखांदूर. दिवस एसटीत गेला. टिकाराम केशवरावांच्या दारात पोचला तेव्हा ताराचंद इंजिनाचे सामान आणायला वडशाला गेला होता. केशवरावांनी पाहुण्याला लांबूनच पाहिले, घाईने खाटेवर बसले आणि तोंड फिरवले.

टिकारामने रामराम केला. पाणी प्याला. आणि विचारले, "सोयरे, त्या दिवशी माया हातून चूक झाली. पोरीले पोरगा पसंत आहे. तुमाले हे लग्न करायचं आहे का?"

केशवरावांचा जीव सुखावला. माणूस एवढ्या लांबून आला, चूक कबूल केली. आता पहिल्यांदा नाही म्हणणे भागच होते. त्यांनी हात आडवा केला. बोटे फाकलेली होती.

"नाही," ते म्हणाले.

टिकारामने मान डोलवली. "बरं," म्हणाला, उरलेले पाणी प्याला, पेला पालथा घातला आणि एसटीच्या थांब्याकडे निघाला. तुम्ही म्हणाल, लाखोळीच्या बांदीत शिकला ते कुठे गेले? शिकला होता ना. पोरीपुरते. केशवराव पोरगी थोडेच होते.

केशवराव खाटेवर बसून राहिले. मग त्यांची बायको देवकाबाई आतून आली आणि जे बोलली ते मोहल्ल्याने ऐकले. "गेला तो? असा कसा गेला? तुमी हाक काहून नाही मारली?"

"मी कायले हाक मारू? पोरगीवाला तो आहे!"

इकडे टिकाराम घरी परतला, तेव्हा कौशल्याबाई दारात उभी होती.

"काय म्हनले?"

"नाही म्हनले."

"किती खेपा विचारलं?"

टिकारामने वहाणा काढल्या. "मी एकदाच विचारतो, तुले मालूम आहे."

कौशल्याबाई त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, ते न बोलण्यापेक्षा वाईट होते.

चैत्रात धनीराम बातमी घेऊन आला. केशवराव वाट पाहून थकले होते. पवनीकडची एक पोरगी पाहून ठेवली होती. अक्षय्य तृतीयेला तिथे सुपारी फोडणार. "त्याच्या अगोदर माया पोराचं लग्न आहे. केशवराव येनार, ताराचंद बी येनार. मर्जी, तेव्हा तरी पाय धर त्यायचे."

"ते नाही म्हनले."

"तू मर!" धनीराम म्हणाला. मग दारातून वळून म्हणाला, "मरू नको. वरनाच्या बादल्या कोन उचलीन?"

रुखमिणी बैलांच्या कोठ्यात शेण भरत होती. तिने हे सगळे ऐकले. त्या दिवशी ती गडगडीला तेल घालून आली. कौशल्याबाईने विचारले तेव्हा म्हणाली, "कुरकुर आयकून कान किटले."

धनीरामच्या घरचे लग्न म्हणजे आग्रहाचा बाजार. मांडवाखाली पंगत बसली. धनीराम स्वतः बुंदीचे ताट घेऊन फिरत होता आणि पाहुण्यांचे जबडे धरून घास कोंबत होता. एक म्हातारा "मेलो गा, मेलो" म्हणत होता, त्यालाही वाढले. आलूवांग्याची भाजी झाली, भात पडला. टिकाराम बादली आणि पळी घेऊन उतरला. "पायजे? पायजे?" करत, वाकत, उठत तो सरकत होता. पहिली ओळ झाली. बादली रिकामी झाली, ती बाहेर देऊन त्याने भरलेली घेतली. दुसऱ्या ओळीच्या मधोमध केशवराव बसले होते, शेजारी ताराचंद.

टिकाराम ताराचंदसमोर आला आणि थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो पंगतीत प्रश्न न विचारता थांबला. विचारावे तर काय विचारावे?  'पायजे' हाच शब्द त्याने बाराजणांत पोरीच्या तोंडावर फेकला होता. पोरगा समोर आहे. त्याला वरण विचारायचे की दुसरे काही? आणि इथे, इतक्या लोकांत, त्यालाही टोचायचे का? भरली बादली हाताला ओढत होती. मागून आवाज आले, "ओ मर्जी, चाल ना!" "बैल बसला काय?"

रुखमिणी बायकांच्या पंगतीला पाणी देत होती. तिने पाण्याची गुंडी खाली ठेवली, पदर खोचला आणि पुरुषांच्या पंगतीत शिरली. बापाच्या हातातली बादली घेतली. बादली जड होती. तिने दोन्ही हातांनी धरली, मांडीला टेकवली आणि एक हात मोकळा करून पळी उचलली. वाकली.

"पायजे का?" तिने ताराचंदला विचारले.

जवळपासची तोंडे थांबली. वरणाची गोष्ट चालली नव्हती, हे लहान पोरांनाही कळले असते. रीतीप्रमाणे ताराचंदने हात आडवा करायचा होता. तो इंजिनवाला माणूस. त्याला माहीत होते, की हिचा बाप एकदाच विचारतो, आणि पोरगी त्याचीच.

"पायजे," तो म्हणाला.

पंगतीत पाहुण्याने पहिल्याच खेपेला पायजे म्हटल्याचे तिथल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हते. रुखमिणीने पळी ओतली. वरण भातावरून वाहून पत्रावळीबाहेर गेले.

"काय पायजे म्हनते पोरगा?" कोणीतरी विचारले.

"वरन त मिळालं," ताराचंद म्हणाला.

हशा उसळला. केशवराव तेवढे हसले नाहीत. त्यांचे तोंड सुजल्यासारखे झाले होते. रुखमिणी बादली घेऊन त्यांच्यासमोर आली.

"मामाजी, तुमाले?"

तिकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात.  धनीराम बुंदीचा घास एका जबड्यासमोर धरून तसाच उभा राहिला आणि तो जबडा तेवढ्यात मिटला.

केशवरावांच्या डोक्यात काय काय आले असेल. पवनीची पोरगी, देवकाबाईचे बोलणे, एसटीच्या थांब्यावरची ती दुपार. पण सवय डोक्याच्या आधी धावली. हात आडवा झाला, बोटे फाकली.

"नाही…"

रुखमिणीने बादली उचलली आणि वळली.

"अवो थांब!" केशवराव ओरडले. अर्धे उठले. "थांब, थांब वो माय! पायजे! पायजे म्हनलं ना!"

"काय जी?" लांबून कवडू ओरडला. "वरन का सून?"

"दोन्ही!" केशवराव म्हणाले. घाम पुसला. "दोन्ही वाढ. अन् थांबत जा जराशी, बापाच्या पायावर गेली का तू?"

"त्यायच्याच," रुखमिणी म्हणाली आणि वाढले.

लग्न ज्येष्ठात झाले. पंगत टिकारामच्या अंगणात. कौशल्याबाईने आधीच बजावले होते, की आज आग्रह झाला पाहिजे, नाही तर ती चूल सोडून उठेल. टिकाराम म्हणाला, आग्रह मी करणार नाही. पण विचारून पळणारही नाही.

तो बादली घेऊन उतरला. प्रत्येक पत्रावळीसमोर वाकला, एकदा विचारले, आणि तसाच वाकून उभा राहिला. बादली अधांतरी. ती जमिनीला टेकवायची नाही, हा त्याचा जुना नेम होता. चालत राहिले तर भरल्या बादलीचे वजन जाणवत नाही. वाकून थांबले की खांद्यापासून बोटांपर्यंत एकेक शीर बोलू लागते. लोकांना आधी मौज वाटली. ते नाही म्हणाले. टिकाराम हलला नाही. आग्रहही केला नाही. नुसता त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला, हे खरेच नाही आहे का, अशा नजरेने. ज्याला खरोखर नको होते त्याने पुन्हा शांतपणे नाही म्हटले, आणि तो पुढे गेला. ज्याला हवे होते तो ओशाळला आणि म्हणाला, "घाला, घाला." पंगतीला वेळ फार लागला. भात थंड झाला म्हणून लोकांनी शिव्याही दिल्या. कवडू मात्र पोटभर जेवला. तरी पुढे सांगतच राहिला, की आंधळगाववाले पाहुण्याला थंड जेवण घालतात.

टिकाराम केशवरावांसमोर आला. "इवाई, वरन पायजे?"

केशवराव इवाई झाले होते, म्हणजे व्याही. त्यांनी हात आडवा केला नाही. 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. त्यांनी सावकाश भात पसरला. लोणचे चाखले. शेजाऱ्याला पाऊस कधी येईल ते विचारले. टिकाराम वाकून उभा होता. बादलीतले वरण आता हिंदकळू लागले होते.

"बोला जी," टिकाराम म्हणाला.

"थांबा ना. चिंचेखाली मी नाही थांबलो?"

"थांबलो आहो."

"एक एसटी बी सोडली होती म्या."

"आयकलं."

केशवरावांनी आणखी एक लोणच्याची फोड उचलली, चोखली, बी पत्रावळीच्या कडेला ठेवली. टिकारामच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. पुसायला हात मोकळा नव्हता, दुसऱ्यात पळी होती.

"हात भरून आला का, इवाई?"

"आला."

"मंग वाढा थोडं," केशवराव म्हणाले, आणि पत्रावळ पुढे सरकवली.